मढवी सरांच्या आकाशातला ढग

नेरूळच्या एका वाचनालयात, जिन्याच्या वळणावर, जलरंगातलं एक निसर्गचित्र लावलेलं आहे. त्यातल्या ढगाचं लोक फार कौतुक करतात. तो ढग चित्रकाराने काढलेला नाही. तो मी केला आहे. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांचं ते चित्र आहे त्यांना तर नाहीच.

मी चित्रकार नाही. शिरवण्यात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रांना काच लावतोय. एका मासिकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा’ म्हणून सांगितलं, तेव्हा मी हो म्हणालो, कारण गमतीदार अनुभव माझ्याकडे पुष्कळ आहेत. लिहायला बसलो आणि प्रत्येक वेळी हाच ढग आडवा आला. तर आधी तोच.

पण फ्रेमवाला काय करतो ते थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा तुमच्या लक्षात यायचा नाही.

लोकांना वाटतं, चार पट्ट्या, एक काच, मागे पुठ्ठा, झालं. तैलचित्राचं तसं चालून जातं. जलरंगाचं नाही. जलरंगातलं चित्र म्हणजे शेवटी एक कागद, आणि कागद आयुष्यभर पाणी पीत राहतो. आमच्याकडे खाडीची हवा. काच थेट चित्राला टेकवली तर दोन पावसाळ्यांत रंग काचेला चिकटतो, काच काढताना अर्धं चित्र सोबत येतं. म्हणून मध्ये माउंट घालायचा, जाड पुठ्ठ्याला खिडकी कापून. तो शोभेसाठी नसतो. दोन जावांच्या मध्ये सासूने बसावं तसा तो चित्र आणि काच यांच्यामध्ये बसतो. त्यांना एकमेकींना लागू देत नाही.

आणि एक नियम. काच पुसायचं पाणी चित्राच्या आसपास फवारायचं नाही. फडक्यावर फवारायचं, तेही दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, आणि चित्रावर कोरा कागद झाकूनच. जलरंग वाळला म्हणजे पक्का झाला असं नसतं. पाण्याचा एक थेंब पडला की तो पुन्हा जागा होतो. हा नियम मी माझ्याकडे काम शिकून गेलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितला आहे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या, ‘चित्र कुठलंही चालेल, निळा हाच हवा’ म्हणाल्या. उलव्याला नवीन फ्लॅट घेतलेले एक गृहस्थ नदीचं चित्र फ्रेम करून घेऊन गेले आणि आठवड्याने परत घेऊन आले.

“अहो, वास्तुवाला म्हणतो पाणी दाराकडे वाहतंय. लक्ष्मी बाहेर जाईल. उलटं करून मिळेल का?”

“उलटं म्हणजे?”

“म्हणजे नदी या बाजूने त्या बाजूला.”

मी म्हणालो, “भिंत बदला.” ते गंभीरपणे म्हणाले, “भिंतीला सोसायटीची परवानगी लागते.”

मढवी सरांना मी हा किस्सा सांगितला तेव्हा सगळ्यांसारखे तेही हसले. मग म्हणाले, “पण बघ, त्या वास्तुवाल्याला एवढं तरी दिसलं की पाणी कुठेतरी जातंय. बाकीच्यांना फक्त निळं दिसतं.”

मढवी सर म्हणजे इथलेच, खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरावर कामाला. सर शिकले, शाळेत चित्रकलेचे शिक्षक झाले, तिथूनच निवृत्त झाले. पोरांना फुलदाणी आणि सफरचंद शिकवण्यात सगळी नोकरी सरली, पण स्वतः आयुष्यभर एकच जागा रंगवली. जुन्या मिठागराच्या बांधावरून दिसणारी खाडी आणि पलीकडचा उलव्याचा डोंगर. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायलाच. दुसऱ्या कुणी तरी केलेली फ्रेम काखेत होती.

“हे कोणी केलंय विचारू नकोस. फक्त सांग, तू असं करणार का? माझ्या चित्राचा दोन बोटं भाग माउंटखाली गाडलाय त्याने.”

मी सहज म्हणालो, “कडेला काय, नुसतं पाणीच तर होतं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात माउंट कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, इंग्रजी एल अक्षरासारखे कोन. त्यातले दोन उचलले आणि चित्रावर समोरासमोर ठेवून एक छोटी खिडकी केली. “आता बघ.” खिडकी लहान केली. “आता?” मोठी केली. “आता?” खिडकी पाण्याच्या त्या ‘नुसत्या’ पट्टीपर्यंत गेली, तसं चित्र एकदम मोकळं झालं, कोंदट खोलीत कुणी दार उघडावं तसं.

“रचना रचना म्हणतात ती ही,” सर म्हणाले. “काय घातलंय ते नाही. काय काढलं तर चित्र मरतं, ते शोधायचं.”

त्यानंतर वीस वर्षं ते माझ्याकडेच आले. फ्रेमिंग दहा मिनिटांचं आणि बघणं तासाभराचं. मला जे काही चित्र बघता येतं ते त्या दोन टाकाऊ कोनांमुळे. सरांचं चित्र टेबलावर आलं की मी धंदा विसरायचो, हे खरं सांगतो.

त्यांचा एक ब्रश होता. तीन बोटं रुंद, सपाट, मऊ केसांचा, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. तो फक्त आकाशासाठी. त्याला दुसरा रंग कधी लागू दिला नाही. खंडेनवमीला मी दुकानात काच कापायच्या कटरची पूजा करतो, त्या दिवशी सर तो ब्रश घेऊन यायचे आणि कटरशेजारी ठेवायचे.

“घरी बाबांची मीठ ओढायची फळी असते पूजेला,” म्हणायचे. “तिच्या बाजूला हा ठेवला तर बाबा वरून हसतील. म्हणतील, हे काय हत्यार झालं?”

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रश घेऊन बांधावर. पाऊस सरलेला असतो, हवा धुतल्यासारखी असते. वर्षातलं एकच मोठं आकाश सर त्या दिवसांत रंगवायचे. बाकी वर्षभर छोटी छोटी कामं. पण मोठं आकाश वर्षाला एक.

सात वर्षांपूर्वीचं आकाश म्हणजे हे वाचनालयातलं चित्र.

तेव्हा विमानतळासाठी डोंगर कापणं चाललं होतं. अर्धा गेला होता, अर्धा उरला होता. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. घरच्यांनी थांबा म्हटलं. सर म्हणाले, “डोळा थांबेल, डोंगर थांबणार नाही.” आणि जाऊन चित्र करून आले. महिन्याभरात वाशीला एका सभागृहात त्यांचं आणि आणखी काही जणांचं प्रदर्शन होतं, म्हणून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

ते चित्र कसं होतं ते मी शक्य तेवढं नीट सांगतो, कारण तसं पूर्ण ते बघितलेली माणसं फार थोडी आहेत.

खाली डाव्या कोपऱ्यात मिठाचे तीन ढीग. ऑक्टोबरात मीठ कुठलं, आणि ते मिठागर बंद पडूनही वर्षं झालेली, ढीग आठवणीतले. आणि ते रंगवलेलेच नाहीत. नुसता कागद कोरा सोडलाय आणि भोवतीचा चिखल रंगवलाय. जलरंगात पांढरा रंग नसतो, असं सर म्हणायचे. पांढरं आधी ठरवावं लागतं आणि मग शेवटपर्यंत राखावं लागतं. प्रत्येक ढिगाच्या एका बाजूला निळसर सावलीचा एकच फटकारा. तेवढ्याने ते गोल झालेले, जड झालेले.

ढिगांपासून बांध तिरका आत जातो. त्याच्या कडेची तिवरं ओल्या कागदावर ओला रंग सोडून केलेली. हिरवा आणि तांबूस आपापसांत मिसळलेले, कुठे कड म्हणून नाही. तिवरांत पाय घातला की चिखल किती खोल ते कळत नाही, तसंच तेही. त्यापुढे खाडी. पाणी म्हणजे कोरड्या ब्रशाचा एकच आडवा हात. कागदाच्या खरखरीत उंचवट्यांवर रंग बसला, खोलगट भाग कोरे राहिले, आणि तेच उन्हाचं चमचमणं. पुन्हा त्यावर हात फिरवलेला नाही. मी भिंग लावून बघितलंय.

पाण्यापलीकडे डोंगर. मधोमध नाही, जरा डावीकडे. डावा उतार सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसारखा. आणि उजवीकडे एकदम सरळ कापलेला. ती कड कोरड्या रंगाने ओढलेली, कागदाचा दाणा उघडा पडलेला. अजून खडी सांडतेय असं वाटावं.

आणि कापलेल्या कडेपासून उजवीकडे, चित्राच्या टोकापर्यंत, काही नाही. आकाश. वर कोबाल्ट निळा, खाली येता येता फिकट, क्षितिजाशी तर नावापुरता. बोर्ड तिरपा धरून, ब्रशाच्या पुढे रंगाचा ओला काठ खेळवत, न थांबता एका दमात वरून खाली आणलेला वॉश. मध्ये श्वास घेतला तर तिथे रेघ उमटते. रेघ नव्हती. मोतीबिंदू झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं ते काम होतं. अंदाजाने, मनगटाच्या सवयीने केलेलं.

सरांनी पुन्हा ते दोन कोन उचलले. उजवीकडचं रिकामं आकाश झाकलं.

“काय दिसतं?”

“डोंगर.”

कोन काढला. “आता?”

नजर डावीकडच्या ढिगावर बसायची, बांधावरून चालत पाण्यापाशी यायची, पाणी ओलांडून डोंगर चढायची, आणि जिथे डोंगर कापलाय तिथून सरळ खाली पडायची. कुठे हात टेकायला जागा नाही.

“पडायला होतं,” मी म्हणालो.

“हां,” सर म्हणाले. “तेवढंच करायचं होतं.”

त्यावेळी दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. थोरात शेठ, एपीएमसीतले कांद्याचे व्यापारी, मूळचे जुन्नरकडचे. वडिलांच्या फोटोची फ्रेम न्यायला आले होते. ते वाकून चित्र बघू लागले. कांद्याच्या ढिगात हात न घालता सडका कांदा कुठे आहे ते सांगणारा माणूस.

“मीठ रंगवलंच नाही की यांनी!” ते म्हणाले. मग बराच वेळ आकाशाकडे बघत राहिले. “आणि हे मोकळं सोडायला छाती लागते बरं का, मास्तर. आमच्यासारखा असता तर दोन पाखरं तरी बसवली असती.”

सर इतके खूश झाले की चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आधी एक, मग दुसरा. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी चित्र फ्रेममध्ये बसवायला घेतलं. सभागृहवाल्यांचा फोन सारखा येत होता. हुक किती, दोरी कुठली. माउंट कापून झाला होता, चित्र त्याखाली बसवलं होतं. काच टेबलाच्या दुसऱ्या कडेला. खांद्याने फोन कानाशी धरलेला. आणि मी फवारणीची बाटली उचलून काचेवर मारली. तिथेच. चित्रावर काही न झाकता.

एक थेंब उडाला. आकाशात पडला, कापलेल्या कडेपासून चार बोटं उजवीकडे.

आता नीट ऐका. थेंब पडला तो अपघात. मसुराच्या डाळीएवढा होता. मी तसाच सोडला असता, तर एक बारीक फिकट ठिपका राहिला असता. मी सरांना सांगितलं असतं, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, आणि कदाचित त्या ठिपक्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं. सरांनी मला शेकडो वेळा सांगितलं होतं: बिघडलेल्या वॉशला हात लावायचा नाही, हात लावणारा माणूस चूक झाकत नाही, वाढवतो.

मी हात लावला. आधी टिशूने टिपलं. टिशूला निळा लागला आणि खाली पांढरा डाग उघडा पडला. मग घाबरून स्वच्छ ब्रश ओला केला आणि डागाची कड भोवतालच्या रंगात मिसळवायला गेलो. पाणी पसरलं. रंग पाण्याच्या पुढे पुढे सरकत गेला आणि वाळताना जिथे थांबला तिथे झालर उमटली, फुलकोबीसारखी. मी पंखा बंद केला. पंखा लावला. बसून राहिलो. तासाभराने टेबलावर तळहाताएवढा ढग होता.

मी त्यावर काच बसवली, मागचा पुठ्ठा ठोकला, आणि कागदी पट्टीने सगळं बंद केलं.

प्रदर्शनात भिंतीवर चित्र मीच टांगलं. सर आले ते नव्या डोळ्यांनी, काळा चष्मा काढून हातात घेतलेला, बाजूला त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी. हिंडून हिंडून भिंतींचे रंग बघत होते. “मला पांढरं एवढं निळं असतं हे ठाऊकच नव्हतं,” म्हणत होते. मग आपल्या चित्रासमोर येऊन थांबले.

मी स्टुलावर होतो, हातात हातोडी.

सर जवळ गेले. मागे आले. पुन्हा जवळ गेले. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, “हे मला दिसलं नाही?”

एवढ्यात पाहुणे आले. कुठले तरी निवृत्त प्राध्यापक होते. चित्रासमोर उभे राहून त्यांनी हात जोडले. “वा! माणसाने डोंगर नेला आणि निसर्गाने त्या जागी ढग ठेवला. मढवी सर, हा ढग म्हणजे या चित्राचा प्राण आहे.” टाळ्या झाल्या. फोटो निघाले. सर फोटोत उभे राहिले.

गर्दीतून थोरात शेठ माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, “फ्रेमवाले, हा ढग तेव्हा नव्हता.”

“उजेडाचा फरक असेल, शेठ.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “असेल,” म्हणाले. त्यानंतर ते माझ्या दुकानात कधी आले नाहीत.

लोकांना तो ढग का आवडतो हे मला ठाऊक आहे. डोंगरावरून पडणाऱ्या नजरेखाली तो जाळी धरतो. माणसाला बरं वाटतं. सरांना तेच तर नको होतं.

चित्र सरांनी वाचनालयाला भेट दिलं. “घरात नको,” म्हणाले. मला वाटलं, विषय संपला. चार लोकांना आवडलं, सरांचं नाव झालं, कुणाचं काय गेलं? असं मी स्वतःला वर्षभर सांगत होतो.

पुढच्या खंडेनवमीला सर ब्रश घेऊन आले. कटरशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं. जाताना मात्र उचलला नाही.

“राहू दे तुझ्याकडेच, दिनेश. मऊ आहे. काच झटकायला कामाला येईल.”

“सर, परवा बांधावर जायचंय ना?”

“नाही जमत आता,” म्हणाले आणि निघून गेले.

का ते काकींकडून कळलं. भाजी घेऊन जाताना त्या दुकानाशी टेकल्या. त्यांची बोली अजून गावचीच.

“मास्तर आथा कागुद भिजवीतच नाय रं, दिनेस. पेटी उघडून बसतान, जुनी चितरां काढतान न् डाग सोधतान.”

“डाग?”

“हां. मोतीबिंदू व्हता तवा केलेली सगली. ‘तो येवडा डाग मना दिसला नाय, तं अजून कवरं आसतील’ म्हनतान. दुकानात तू न् शेठ नुसते मन राखाला बोलले, आसा बी म्हनतान. मी म्हनलं, लोकांना आवरला ना ढग? तं माज्यावर वरडले. डोला गेला व्हता तवा रंगवीत व्हते, न् डोला आयला तं हात बसला. ह्याला काय म्हनाचा?”

मी त्यांना पाणी दिलं. “बसा, काकी,” म्हणालो. त्याहून जास्त काही म्हणालो नाही.

माणसाची आंधळेपणातली सगळ्यात सुंदर कारागिरी मी त्याच्या आंधळेपणाचा पुरावा करून ठेवली होती. हे वाक्य जरा पुस्तकी झालं, पण मला दुसरं सुचत नाही. मनगटाच्या सवयीवर त्यांचा विश्वास होता, तो त्या ढगाने गेला. आणि डोंगर तोवर पूर्ण सपाट झाला होता. पुन्हा काढून बघा, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

सात दसरे गेले. दर वर्षी ब्रश ड्रॉवरमधून काढून कटरशेजारी ठेवतो आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये. काच मी कधी त्याने झटकलेली नाही.

आता यंदाचं सांगतो, म्हणजे हे आज का लिहितोय ते कळेल. त्या चित्राच्या मागच्या पुठ्ठ्याला ओल धरली होती, म्हणून वाचनालयाने बोलावलं. मी पुठ्ठा बदलत होतो तेव्हा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “तुम्हाला चित्रातलं कळतं म्हणे. शनिवारी सकाळी वाचकांना दाखवाल का, चित्र कसं बघायचं ते?” मी नाही म्हणायला हवं होतं. पण वीस वर्षं सरांकडून ऐकलेलं कधी कुणाला सांगायला मिळालं नव्हतं.

शनिवारी चित्र वरच्या वाचनाच्या खोलीत आणून ठेवलं होतं, वीसेक माणसं होती. मी माउंटचे दोन कोन नेले होते. मिठाच्या ढिगांपासून सुरुवात केली. कोरा कागद म्हणजे मीठ, हे सांगितल्यावर एक आजोबा उठून चित्राला नाक लावून बघायला लागले. मग बांध, मग तिवरं. पाण्याचा तो एक आडवा हात. कापलेली कड. बोलता बोलता मला स्वतःलाच भरून येत होतं. इतकं चांगलं चित्र आहे ते. आणि मग मागच्या खुर्चीत मढवी सर दिसले. काकींच्या दंडाला धरून केव्हा तरी येऊन बसले होते.

मी कोन खाली ठेवले. “तर असं हे चित्र,” म्हणालो.

कॉलेजातली एक मुलगी होती. “आणि काका, तो ढग? त्याबद्दल तुम्ही काहीच नाही सांगितलं. तो किती भारी आहे.”

मी पाण्याचा ग्लास उचलला. आणि मागून सर बोलले, शाळेत बोलायचे तशा खणखणीत आवाजात.

“तो ढग चूक आहे, बाळ. माझी. तिथे आकाश रिकामं पाहिजे होतं. मला तेव्हा नीट दिसत नव्हतं, आणि मी मान्य केलं नाही. चित्रकाराने आपला डोळा कधी संपला ते ओळखावं. हे लिहून घे, ढगापेक्षा उपयोगाचं आहे.”

सगळे हसले. आदराने हसले. मुलीने खरंच लिहून घेतलं.

वीस माणसांसमोर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने, माझी चूक स्वतःच्या नावावर वाचून दाखवली. मी ग्लास हातात धरून उभा होतो. चार पावलं चालून जायचं होतं. गेलो नाही.

जिना उतरताना सरांनी माझा खांदा धरला. “छान सांगितलंस रे. माझ्यापेक्षा बरं बघतोस आता.” दोन पायऱ्यांनंतर म्हणाले, “ब्रश येतो ना उपयोगाला?”

“हो, सर.”

काकींनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना काही कळलंय की नाही, मला सांगता येणार नाही.

एवढंच आहे. गमतीदार अनुभव म्हणून मागितलेल्या पानांत हे बसत नसेल तर संपादकांनी परत पाठवावं. ते छापणार असतील, तर अंक निघायच्या आधी ही पानं घेऊन सरांच्या घरी जायचं आणि त्यांना वाचून दाखवायची, असं मी ठरवलंय. याआधीही पुष्कळदा ठरवलंय. तेव्हा माझ्या ठरवण्यावर कुणी जाऊ नये.

सात दसऱ्यांची सात आकाशं मला परत देता येणार नाहीत. जे देता येईल ते थोडं आहे. ड्रॉवरमधला एक ब्रश, आणि सरांच्या तोंडावर म्हणायचं एक वाक्य: सर, तुम्ही चित्र माझ्याकडे दिलंत तेव्हा आकाश स्वच्छ होतं.

दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत.